आमची वाटचाल: पिंपातून उडालेला हिशेब

फोंड्याजवळ आमच्या घरची काजूची भट्टी होती, त्यामुळे धार ओळखण्याचे शिक्षण मला हुर्राकवर, म्हणजे काजूच्या पहिल्या उकळीच्या दारूवरच मिळाले. सिंगल माल्टकडे, म्हणजे एकाच भट्टीत निव्वळ मोड आणलेल्या सातूपासून केलेल्या व्हिस्कीकडे वळल्यावर मात्र त्यातले निम्मे विसरावे लागले. 'पहिल्या धारेची' म्हणजे अस्सल, अशी आपल्याकडची समजूत. पण माल्टच्या दुसऱ्या उकळीत तीच पहिली धार, तिच्या नाकाला झोंबणाऱ्या वासासकट, बाजूला काढावी लागते.

आमचे तांब्याचे भांडे पुण्याच्या तांबट आळीतल्या एका काकांनी घडवले. आयुष्यभर बंब आणि हंडे केलेल्या या माणसाकडे हंसासारखी मान असलेले भांडे मागणारे गिऱ्हाईक प्रथमच आले होते. जाड पत्र्याचे जादा पैसे देताना मी कुरकुर केली, तेव्हा "तांबं झिजणार आहे मालक, ते झिजतंय म्हणूनच तुमचा माल गोड लागणार," एवढेच म्हणून त्यांनी मठारकाम पुढे सुरू ठेवले. ते खरे होते. सडक्या अंड्यासारखा वास देणारी गंधकाची संयुगे तांबे स्वतःवर घेते आणि त्यातच पातळ होत जाते. या धंद्यात येणाऱ्यांनी पत्र्यात काटकसर करू नये. करायचीच असेल तर बाटलीच्या खोक्यात करावी.

2016 साली आम्ही 40 पिंपे भरली. बर्बनला, म्हणजे तिथल्या मक्याच्या व्हिस्कीला, नवेच लाकूड लागते असा अमेरिकेतला कायदा असल्यामुळे तिथली एकदा वापरलेली, 200 लिटरची पिंपे जगभर विकली जातात, तशीच ही होती. (बोटीतून सुकून आलेले पिंप गरम पाणी घालून फुगवल्याशिवाय भरू नये, हे मी दोन पिंपे गळल्यावर शिकलो.) आमच्या भागीदारांनी हिशेब मांडला होता तो स्कॉटलंडचा, म्हणजे पिंपाच्या लाकडातून हवेत उडून वर्षाला 2 टक्के घट होते असे धरून. गोव्याच्या उकाड्यात ती 8 टक्क्यांवर जाते. दोन वर्षांनी पिंपात 192 लिटर असायला हवे होते, निघाले 169, आणि 40 पिंपांचे मिळून नऊशे लिटरच्या वर 'गायब' झाले. मी माल मागच्या दाराने विकला, असे त्यांनी माझ्याच ओसरीवर, माझ्या आईच्या देखत म्हटले. पुढच्या महिन्यात ते आपले भांडवल काढून एका प्रतिस्पर्ध्याकडे गेले, जो मळीच्या मद्यार्कात थोडे माल्ट मिसळून, बाटलीवर 'माल्ट' हाच शब्द सर्वांत मोठा छापून, आमच्या तिसऱ्या हिश्श्याच्या भावात विकत होता. दुकानदारांनी फळीवरची आमची जागा त्याला दिली, आणि राजस्थानातून सातू आणायलाही आमच्याकडे पैसे उरले नाहीत.

तेव्हा मी एक जुना वजनकाटा विकत घेतला. भरलेले पिंप साधारण 230 किलो भरते आणि पहिल्याच वर्षात सुमारे 14 किलोने हलके होते. दर अमावस्येला एकेक पिंप काट्यावर चढवून मी आकडे वहीत लिहिले, आणि कर्ज देणाऱ्यांनी वर्षभराची मुदत दिली ती त्या वहीच्या भरवशावर. काकांनी आपली राहिलेली निम्मी मजुरी दोन वर्षे मागितली नाही. 2020 च्या टाळेबंदीत दुकाने बंद होती, तेव्हाही भांड्याच्या मानेला ठिगळ लावायचे असेल तर रस्ते उघडताच येतो, असा त्यांचा फोन आला होता.

त्यानंतरची वर्षे बरी गेली.

अजूनही ग्राहक बारा वर्षांची बाटली मागतात. आमच्या हवेत बारा वर्षांनी 200 पैकी जेमतेम 73 लिटर उरेल आणि चव लाकूड चघळल्यासारखी लागेल, हे मी प्रत्येकाला समजावतो, त्यांनी विचारले नसले तरी.

गेल्या वर्षी त्या जुन्या भागीदारांचा निरोप आला की त्यांच्या नव्या कंपनीला मिश्रणासाठी आमचे माल्ट घाऊक हवे आहे. मी नाही म्हटले नाही. ते आले तेव्हा दहा पिंपे त्यांच्यासमोर त्याच काट्यावर चढवली, प्रत्येकाचे वजन मोठ्याने वाचले, आणि वहीत त्यांची सही घेतल्यावरच भाव सांगितला.