दवाखाना काऊन नाही टाकला?

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेलं कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, येवढ्या शिकल्या, तं आपला दवाखाना काऊन नाही टाकला?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. माझ्या बरोबरीच्यांच्या पाट्या नागपुरात धंतोली-रामदासपेठेत लागल्यात आणि मी अजून कॉर्पोरेशनच्या दवाखान्यात कुरकुरत्या पंख्याखाली बसते. वाढपी जिलेबी घेऊन येईपर्यंत एवढंच म्हणता येतं की "जमलं नाही". ते अर्धंच खरं आहे. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून उरलेलं सांगते.

सुरुवातीला कारण काही थोर नव्हतं. मेडिकलमधून (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला नागपुरात नुसतं मेडिकल म्हणतात) एमबीबीएस झाले, बाँडसाठी, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेसाठी, जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले, मग शहरात कंत्राटी जागा मिळाली. गाळा घ्यायला घरी पैसा नव्हता. पुढे जमवता आला असता. पगार तीन-तीन महिने रखडायचा तेव्हा मी मानेवाडा रोडवर गाळे बघूनही आले होते.

अडकले ती कूलरपायी.

नागपूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. पारा ४५ वर गेला की खिडकी तिथे कूलर. पाऊस लागला की तो बंद होतो आणि टाकीतलं पाणी तसंच राहतं. एका ऑगस्टमध्ये एकाच गल्लीतून तापाचे पाच पेशंट आले. स्वतःचा दवाखाना असता तर पाचही जणांच्या प्लेटलेट्स मोजल्या असत्या आणि पाच बिलं केली असती. इथे ओपीडी आटोपून आशाताईबरोबर (वस्तीत घरोघरी फिरणारी आरोग्य स्वयंसेविका) त्या गल्लीत गेले. पहिल्याच घरच्या कूलरमध्ये टॉर्च मारला, तर अळ्या वळवळत खाली बुडी मारायला लागल्या. घरची बाई म्हणे, "अवो, पाणी तं परवाच बदललं!" बदललं असेलही. पण डेंग्यूचा डास अंडी घालतो ती टाकीच्या भिंतीला, पाण्याच्या जरा वर. कोरडी पडली तरी ती महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. आशाताईंनी पदर खोचला, टाकी उपडी केली आणि नारळाच्या शेंडीने घासायलाच घेतली. त्यानंतर गल्लीतला ताप ओसरला. आमच्यामुळेच, असं छातीठोक सांगत नाही, पाऊसही तेव्हा उघडला होता. पण पेशंट येण्याआधी त्याच्या घरी जाण्याची चटक तिथे लागली.

दुसरी गोष्ट माझ्या चुकीची आहे. माणसं ओळखू येऊ नयेत एवढे तपशील बदललेत.

नऊ वर्षांचा मुलगा पाय दुखतात म्हणून यायचा. दोनदा मी वाढीचं दुखणं म्हणून गोळ्या देऊन पाठवला. तिसऱ्या खेपेला आई म्हणाली, "मॅडम, याचे डोये पिवळे दिसून राहिले." विदर्भात शिकून, विदर्भातच नोकरी करून सिकलसेल, हा इकडे बराच आढळणारा, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, सुचायला मला तिसरी खेप लागली. त्याची लाज अजून वाटते. पाणी कमी पडलं, थंडी वाजली, ताप आला की या पोरांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकतात.

चाचणी साधी असते. थेंबभर रक्त द्रावणात टाकायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा बुडाल्या, तर सिकलचं हिमोग्लोबिन आहे. वाहक (दोष एकाच पालकाकडून आलेला, स्वतः आजारी नसलेला) की आजारी हे त्यात कळत नाही, त्याला पुढची तपासणी लागते. मुलगा आजारी निघाला, आईबाप दोघंही वाहक. मोठी बहीणही वाहक निघाली, आणि तिचं लग्न ठरलेलं.

"आता लग्न मोडाचं का, मॅडम?" आईने विचारलं.

मी केसपेपरच्या पाठीवर चौकट काढून दाखवली. दोघं वाहक असतील तर दर गरोदरपणात चारातली एक शक्यता आजारी बाळाची. एकच वाहक आणि दुसऱ्याचं रक्त अगदी ठीक असेल तर बाळ फार तर वाहक होईल, आजारी नाही. म्हणून आता नवऱ्या मुलाचं रक्त बघायचं. आई म्हणाली, "तिकडे सांगू नका." सांगण्याचा हक्क मलाही नव्हता. पोरगी काहीच बोलली नाही.

आठवड्याभराने दुपारी, ओपीडी संपल्यावर, दारात मोटारसायकल थांबली. मागे ती बसलेली. "मी बिमार नाही आहे हं," तो दारातूनच म्हणाला. खरंच होतं. दोघांतलं कुणीच आजारी नव्हतं, आणि असे पेशंट मानेवाडा रोडच्या गाळ्यात माझ्याकडे कशाला आले असते?

मी रक्त घेतलं. थॅलेसेमिया हाही रक्ताचाच आनुवंशिक आजार; एक सिकलचा आणि दुसरा त्याचा वाहक असला तरी बाळ आजारी होऊ शकतं. त्याचा वाहक या नळीत सापडत नाही, म्हणून एक नमुना मेडिकलला पाठवायला बाजूला ठेवला. पाच मिनिटांनी नळी कागदासमोर धरली. त्याने मान पुढे काढली. "रेघा दिसून राहिल्या ना?" मी हो म्हणाले. तिचा मात्र विश्वास बसेना. माझ्या हातातून नळी आणि कागद दोन्ही घेऊन ती खिडकीपाशी उजेडात गेली, आणि एक-एक रेघ मोजायला लागली.