फर्निचर : तयार की स्वतः केलेले?

कपाट तयार घ्यावे की स्वतः बनवावे, हा प्रश्न बहुतेक वेळा खर्चावर तोलला जातो. माझ्या मते तो आधी मालावर तोलला पाहिजे. स्वस्त तयार फर्निचर बहुधा पार्टिकल बोर्डाचे, म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेल्या फळीचे असते, आणि अशा फळीतील स्क्रूची पकड एकदा सैल झाली, की तोच स्क्रू पुन्हा पिळून उपयोग होत नाही. कडेची पट्टी निघून पाणी आत शिरले, तर फुगलेली फळी सुकल्यावरही पूर्ववत होत नाही.

स्वतः करताना हे सारे आपल्या हाती राहते. पुस्तकांच्या फळीचेच पाहा : वजन तेवढेच ठेवून जाडी दुप्पट केली, तर फळीचा बाक एक-अष्टमांशावर येतो, म्हणूनच १८ मिलिमीटरच्या प्लायवूडला पुढच्या कडेखाली उभी पट्टी लावली, तरी मोठा फरक पडतो. अस्सल लाकूड दमट हवेत रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे टेबलाचा माथा खालच्या चौकटीला लांबट भोकांतून स्क्रूने बसवावा लागतो, कारण तो गच्च चिकटवला, तर कोरड्या ऋतूत तडा जाण्याची भीती असते.

खुर्ची मात्र मी विकतच घेतो. तिचे सांधे प्रत्येक बसण्या-उठण्यात ताणले जातात आणि तिरके कोन जुळवण्याचा सराव (आणि, खरे सांगायचे तर, धीर) माझ्याकडे नाही.