पाय टेकले, आता वळणांचं काय?

घाट लागेपर्यंतचा सपाट रस्ता मी फार खुशीत चालवला. कुठेही थांबायचं म्हटलं तरी पोटात गोळा येत नव्हता. टूरिंगच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या मोटरसायकली उंच असतात. माझ्या गाडीची सीट मुळात ८५० मिलिमीटरवर होती. दोन्ही बाजूंना भरलेल्या पेट्या, मागे धाकटी बहीण, टाकी काठोकाठ आणि जमिनीला टेकतात ते नुसते पायाचे अंगठे! अशा वेळी चालत्या गाडीची भीती वाटत नाही, थांबलेल्या गाडीची वाटते. खडीवर किंवा एका अंगाला उतरत्या रस्त्यावर एवढं वजन एकदा कलंडलं की अंगठ्यांच्या जोरावर सावरत नाही. म्हणून निघण्याआधी गाडी खाली घेतली होती, म्हणजे तिची उंची कमी करून घेतली होती.

मागच्या शॉकॲबला चाकाच्या बाजूशी जोडणाऱ्या सांध्यांच्या रचनेत, म्हणजे लिंकेजमध्ये, दोन छोट्या पट्ट्या असतात, रायडर मंडळी त्यांना डॉगबोन म्हणतात. माझ्या गाडीच्या रचनेत त्या लांब झाल्या की मागचा भाग खाली येतो. तो ३० मिलिमीटर आला. पुढून फोर्कचे, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, त्यांना आवळणाऱ्या क्लॅम्पमधून वर सरकवून जवळपास तेवढंच खाली घेतलं. नुसतं मागून उतरवलं तर फोर्क मागे कलतो आणि गाडी वळायला आळशी होते. दोन चाकांमध्ये १५०० मिलिमीटर अंतर असलेल्या गाडीचं एकच टोक २५ मिलिमीटरने खाली घेतलं तर कोन साधारण एका अंशाने बदलतो. ऐकायला हे काहीच वाटत नाही, पण हँडलवर लगेच कळतं. शिवाय हेडलाइट वर जातो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. पुढूनही मनाला येईल तेवढं उतरवता येत नाही. फोर्क पूर्ण दबला तरी मडगार्ड रेडिएटरला किंवा खालच्या क्लॅम्पला लागता कामा नये. चेनची ढील पुन्हा तपासली आणि साइड स्टँड आखूड करून घेतला. तसाच ठेवला असता तर गाडी जवळजवळ सरळ उभी राहिली असती आणि वाऱ्याच्या झोताने पलीकडे पडली असती.

घाट सुरू झाला आणि पहिल्या काही वळणांतच वेगळेपण जाणवलं. गाडी छान वळत होती, पण जमीन जवळ आलेली होती.

निघण्याआधी मी टेप लावून मोजलं होतं. मी एकटी बसलेली असताना मूळ उंचीवर फूटपेगचं, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीचं टोक जमिनीपासून ३०० मिलिमीटर आणि गाडीच्या मध्यरेषेपासून ३७० मिलिमीटर. म्हणजे गाडी साधारण ३९ अंश झुकली की पेग टेकणार. ३० मिलिमीटर खाली घेतल्यावर हाच कोन ३६ वर येतो. टायरची रुंदी धरली तर आकडे थोडे हलतात, पण अंदाजाला एवढं पुरे. आता ३० मीटर त्रिज्येच्या वळणात ३९ अंश म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटर, आणि ३६ अंश म्हणजे ५३. कागदावर फरक एवढाच.

पण कागदावरची गाडी दबत नाही, रस्त्यावरची दबते. ३५ अंशांवर झुकलेल्या गाडीच्या सस्पेन्शनवर सरळ चालताना असतो त्यापेक्षा सुमारे २२ टक्के जास्त भार येतो. त्यात मागे बहीण, पेट्यांतलं सामान आणि वळणाच्या पोटात रस्त्याला पडलेला खोलगट भाग. या सगळ्यांनी मिळून आणखी ५० मिलिमीटर खाल्ले, तर कोन ३१ च्या आत आणि वेग ४७-४८ वर येतो. उंच गाडीसुद्धा अशीच दबते, पण तिच्याकडे ते ३० मिलिमीटर शिल्लक असतात. माझ्या मते खाली घेतलेल्या गाडीचा खरा प्रश्न हा आहे.

एका आवळत जाणाऱ्या डाव्या वळणात तसाच खोलगा आला आणि खालून खर्रकन आवाज झाला.

“ताई, काय घासलं गं?”

“पेगखालचा बोल्ट. तो त्यासाठीच असतो.”

पेगच्या टोकाखाली हा बोल्ट मुद्दाम दिलेला असतो. तो आधी घासतो, पेग वर दुमडतो आणि चालवणाऱ्याला इशारा मिळतो. त्याच्यानंतर पाळी येते मेन स्टँडच्या दांड्याची, सायलेन्सरची, ज्या वस्तू दुमडत नाहीत. त्या टेकल्या तर टायरवरचा भार उचलला जातो आणि चाक सटकतं. आवाज ऐकून दचकून गॅस सोडणं किंवा ब्रेक दाबणं सगळ्यात वाईट, कारण वजन पुढे येतं, फोर्क दबतो आणि गाडी आणखी खाली बसते. मी गॅस होता तसाच धरून ठेवला, नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवली आणि बाहेर पडले.

पुढे रुंद जागा मिळाली तिथे थांबलो. मागच्या शॉकॲबचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, नॉब फिरवून वाढवला. प्रीलोडने स्प्रिंग कडक होते असा समज सर्रास आढळतो. स्प्रिंग तीच राहते, फक्त आधीपासून दाबलेली असल्यामुळे त्याच भाराखाली गाडी कमी बसते, म्हणजेच मागचा भाग वर येतो. बहिणीने टेप धरला, मागच्या ॲक्सलपासून सीटखालच्या एका बोल्टपर्यंत. चाक हवेत असताना आणि आम्ही दोघी सामानासकट बसलेल्या असताना, अशी दोन मापं असतात. त्यांच्यातला फरक एकूण ट्रॅव्हलच्या, म्हणजे चाक जेवढं वर-खाली होऊ शकतं त्या पल्ल्याच्या, साधारण एक तृतीयांश असावा, एवढं धरून मी चालते. घरी मी एकटीच्या वजनाला बरोबर लावलेलं माप इथे पार कोलमडलेलं होतं, आणि लांब पट्ट्यांमुळे लिंकेजचं गुणोत्तर बदलून मागची बाजू आधीच जरा मऊ पडली होती.

वरचा अर्धा घाट मग फार सुंदर गेला. मी वळणाच्या आतल्या बाजूला खांदे आणि थोडी कंबर सरकवत होते. आपलं वजन आत गेलं की त्याच वेगाला गाडी कमी झुकते. बहिणीला सांगितलं, वळणाच्या आतल्या बाजूच्या माझ्या खांद्यावरून बघत राहा, उलट्या बाजूला ताणू नकोस. तिने ते इतकं नेमकं केलं की ती मागे आहे हे जाणवेना. आपल्याच लेनमध्ये राहून वळणात जरा बाहेरून शिरलं आणि उशिरा आत आलं, तर त्रिज्याही थोडी मोठी मिळते. बोल्ट पुन्हा घासला नाही.

माथ्यावरचं पार्किंग एका अंगाला चांगलंच उतरतं होतं. दोन्ही पायांचे चवडे पक्के टेकवून मी गाडी मागे ढकलत नीट लावली. मूळ उंचीवर मला हे जमलंच नसतं, आणि म्हणून उंची कमी करणाऱ्यांना नावं ठेवणाऱ्यांचं मला पटत नाही. हार्ली-डेव्हिडसनने २०२१ मध्ये आणलेल्या पॅन अमेरिका या उंच टूरिंग गाडीच्या स्पेशल मॉडेलमध्ये थांबताना आपोआप खाली बसणारं सस्पेन्शन मिळू लागलं. उभी असताना बुटकी, धावताना उंच! अडचण खरी आहे म्हणूनच एवढी खटपट केली गेली.

माझ्या गाडीत ती सोय नाही. म्हणून आता १५ मिलिमीटरच खाली घेणाऱ्या पट्ट्या बसवणार आहे, फोर्कही तेवढाच वर सरकवणार आणि उरलेले १५ सीटच्या फोममधून काढणार. फोम कापल्याने पेग जमिनीजवळ येत नाही. गुडघे थोडे जास्त दुमडतील, लांबच्या पल्ल्याला ते जाणवेल, पण वळणात जमीन पुन्हा थोडी लांब जाईल. आखूड केलेल्या साइड स्टँडखाली मात्र आता जाड पट्टी वेल्ड करून घ्यावी लागेल, नाहीतर गाडी फारच कलून उभी राहील.