विजेत्या गाडीचा एक्सल

तुरीनमधल्या आमच्या तपासणी प्रयोगशाळेत जुन्या गाड्यांचे भाग येतात. त्या दिवशी एक वयस्कर गृहस्थ मागचा एक्सल ब्लँकेटात गुंडाळून घेऊन आले. गाडी शंभरेक वर्षांपूर्वीची, रविवारी घाटातल्या शर्यतीत उतरवायची होती. "ठणठणीत आहे, फक्त सर्टिफिकेट द्या," म्हणाले.

दिसायला ठणठणीतच होता. धुऊन यंत्रावर चढवला, चुंबकीय केला, वरून चमकणारे लोहकण मिसळलेला द्रव सोडला आणि पडदा ओढून यूव्ही दिवा लावला. चाकाचा हब बसतो तिथे एक्सलची जाडी कमी होते. नेमक्या त्या कोपऱ्यात एक पोपटी रेघ उमटली. केसाएवढी बारीक, बोटाच्या पेराएवढी लांब. पुसून पुन्हा तपासलं. रेघ तिथेच, म्हणजे कण क्रॅकवर गोळा झालेले. मी नापासाचा लाल टॅग लावला.

गृहस्थ भडकले. "दहा वर्षं पळतोय हा!" माझं इटालियन कामापुरतं, समजावता येईना. तेवढ्यात निवृत्तीला आलेले आमचे फोरमन आले. नियमांचा विषयही न काढता एवढंच म्हणाले, "स्ट्रासबर्ग, १९२२." गृहस्थ एकदम गप्प.

मला काहीच उमगलं नाही. जेवताना फोरमननी फेलिचे नाझारोची हकिकत सांगितली. नाझारो शर्यतीत गाड्या चालवणारा, इथलाच, तुरीनचा. चेइरानो यांच्या कारखान्यात उमेदवारी करत होता. १८९९मध्ये फियाटने तो कारखाना घेतला आणि हाही फियाटचा झाला. १९०७ या एकाच वर्षी त्याने सिसिलीतली तार्गा फ्लोरिओ, जर्मनीतली कैसर करंडकाची शर्यत आणि फ्रेंच ग्रां प्री अशा तिन्ही जिंकल्या. पुढे स्वतःचा कारखाना काढून १९१३ची तार्गा फ्लोरिओ स्वतःच्या नावाच्या गाडीवर मारली.

१९२२ची फ्रेंच ग्रां प्री स्ट्रासबर्गजवळ झाली. अंतर ८०० किलोमीटर, आणि नाझारो चाळिशी ओलांडलेला. फियाटच्या तीन गाड्या होत्या: एक त्याची, एक पिएत्रो बोर्दिनोची, तिसरी नाझारोच्या पुतण्याची, बियाजिओची. बियाजिओचा मागचा एक्सल तुटला, चाक निघालं आणि तो जागीच गेला. शेवट जवळ आला असताना बोर्दिनोच्या गाडीचाही एक्सल गेला. काका मात्र सहा तासांहून अधिक गाडी चालवून जवळपास तासाभराच्या फरकाने जिंकले. मग त्यांची गाडी उघडली, तर तिच्याही एक्सलला क्रॅक जाऊ लागलेला.

तेव्हा आमच्यासारखी तपासणी कारखान्यांत नव्हती. नाझारोचा हात हलका, गाडीला न दमवणारा, अशी ख्याती होती. मला वाटतं, म्हणूनच त्याचा एक्सल पोचला. पण हलक्या हाताने क्रॅक फार तर उशिरा वाढतो, थांबत नाही. जेवण माझ्या घशाखाली उतरेना.

दुपारी गृहस्थ आत आले. "दाखवता का?" मी पडदा ओढून दिवा लावला. ते वाकून बराच वेळ बघत राहिले, बोट रेघेजवळ नेलं, पण टेकवलं नाही.

"नवा करून आणला, तर किती दिवसांत तपासून द्याल?"


"त्याच दिवशी," मी म्हटलं.