भाचीच्या पहिल्या पासवर घेतलेली मेहनत

माझी भाची नववीत आहे, अमळनेरच्या क्लबकडून व्हॉलीबॉल खेळते. गेल्या वर्षी जळगावच्या एका तगड्या क्लबच्या निवड चाचणीला गेली आणि यादीत तिचं नाव लागलं नाही. घरच्यांनी लगेच ठरवून टाकलं की उंची कमी पडली. महिलांचं नेट २.२४ मीटरवर असतं आणि ही जेमतेम पाच फूट, मग दुसरं कारण काय असणार! भाऊ तिला घेऊन माझ्याकडे आला. "ताई, तू विद्यापीठाकडून खेळलेली, तूच बघ. मला यातलं काही समजत नाही."

मी आधी तिचे सामने बघितले. बाकी सगळे स्मॅश बघत होते, मी तिचा पहिला पास बघत होते. समोरून सर्व्हिस आली की आपल्या बाजूचा पहिला हात कसा पडतो, यावर पुढचं सगळं ठरतं. वही घेऊन प्रत्येक पासला गुण दिले. लिफ्टरला, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारीला, जागेवरून कुठल्याही बाजूला चेंडू उचलता आला तर ३, दोन पावलं पळून एखाद-दुसऱ्याच खेळाडूला देता आला तर २, कसाबसा वाचवून उंच फेकावा लागला तर १ आणि पॉइंट गेला तर ०. प्रशिक्षक मंडळी हीच पद्धत वापरतात. तिच्या नावासमोर १ आणि ० यांचीच रांग लागली. मी स्वतः लिफ्टर होते, त्यामुळे असा पास आला की लिफ्टरची किती धावपळ होते हे मला चांगलं ठाऊक आहे.

दोष कुठून आला हेही कळलं. गावाकडे मोकळ्या जागेत पोरं शूटिंग खेळतात, मूठ मारून चेंडू थेट पलीकडे. ही लहानपणापासून त्यांच्यात खेळली. पास घेतानाही तिचे हात खांद्यातून जोरात वर जायचे आणि चेंडू नेटपलीकडे. समोरच्या संघाला आयता स्मॅश!

उन्हाळ्याच्या सुट्टीत काम सुरू केलं. आमच्याकडचा मे महिना म्हणजे दहानंतर मैदानात पाय ठेवायची सोय नाही. म्हणून पहाटे उठून मुरमाच्या मैदानावर पाणी मारायचं, सहाला सुरुवात आणि आठच्या आत घरी. मीठ-साखर घातलेलं लिंबू पाणी सोबत.

तिला बुटक्या स्टुलाच्या कडेवर बसवलं आणि मी चार-पाच हातांवरून चेंडू टाकायचे. बसल्यावर हात झोकायला वाव राहत नाही. मनगटं जुळलेली, अंगठे खाली, कोपरं ताठ आणि मनगटाच्या वरची सपाट जागा जिथे चेंडू जायला हवा तिकडे वळलेली. चेंडू येण्याआधी हात तयार, मग फक्त दिशा द्यायची. जोर सर्व्हिसचाच पुरतो. पहिल्या आठवड्यात हातावर लाल चट्टे उठले. "आत्या, मना हात दुखी राहिना," म्हणाली. आजीने खोबरेल तेल लावलं, पण दुसऱ्या दिवशी पोरगी माझ्याआधी मैदानावर.

नंतर उभं राहून. इथे खरी गंमत पायांची आहे. चेंडूकडे हात लांबवायचे नाहीत, अंग चेंडूमागे न्यायचं. सर्व्हिस मारणारीचा खांदा आणि तळहात बघून चेंडू कुठे येईल याचा अंदाज घ्यायचा. क्लबातल्या मोठ्या मुलींना मी फ्लोट सर्व्हिस मारायला लावली. चेंडूच्या बरोबर मधोमध फटका मारून हात तिथेच थांबवला की चेंडू फिरत नाही, हवेत डगमगतो आणि शेवटच्या क्षणी दगा देतो. मोठ्या क्लबच्या मुली हीच सर्व्हिस मारतात आणि दोन खेळाडूंच्या मधल्या जागेत टाकतात. म्हणून "माझा!" असं मोठ्याने ओरडायचीही सवय लावली. ही मूळची अबोल. ते ओरडणं तिला पासपेक्षा जड गेलं.

मध्येच गुडघा दुखायला लागला. वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला हाडावर फुगवटा आला होता. डॉक्टरांनी तपासून ऑसगूड-श्लाटर सांगितलं. वाढीच्या वयात सतत उड्या मारणाऱ्या मुलांना होतं, वाढ थांबली की बहुतेकांचं कमी होतं. मी उड्या बंदच केल्या. तिला वाटलं, आता स्मॅश विसरायला होईल. मी म्हटलं, बाळा, गुडघा सांभाळला तर पुढची कितीतरी वर्षं स्मॅश मारता येतील. वयात येणाऱ्या पोरींना रोज उड्यांचा मारा करवणारे पालक आणि शिक्षक मी पाहिलेत, आणि मला त्याचा फार त्रास होतो. दुखणं सांगितलं की 'नाटक करते' म्हणतात.

यंदाच्या चाचणीत प्रशिक्षकांनी सगळ्यांना मागच्या रांगेत उभं करून एकामागून एक सर्व्हिस मारल्या. पाच नंबरच्या जागेवरून, म्हणजे मागच्या डाव्या कोपऱ्यातून, तिचे बरेचसे पास लिफ्टरच्या डोक्यावर गेले. त्यांनी तिला पुन्हा बोलावून सहा-सहाच्या सामन्यात खेळवलं. तिथे ती ओरडलीही. संध्याकाळी यादीत नाव होतं.

घेतलं ते लिबेरो म्हणून. वेगळ्या रंगाचा टी-शर्ट, मागच्या रांगेतच खेळायचं, ब्लॉक करायचा नाही, नेटच्या उंचीवरून चेंडू पलीकडे मारायचा नाही. भाऊ जरा हिरमुसला, "मग पोरीने स्मॅश मारायचाच नाही?" मी त्याला समजावलं की उंची वाढेल तेव्हा जागाही बदलेल, आणि मागून चेंडू उचलणारी पोरगी कुठल्याही संघाला हवीच असते.

शनिवार-रविवार ती सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीने जळगावला जाते, सोबत भाऊ किंवा मी. तिथे एक नियम आडवा येतो. लिबेरोने नेटपासून तीन मीटरवर आखलेल्या रेषेपुढे येऊन बोटांनी वरून चेंडू उचलला, तर तो नेटच्या वर असताना दुसऱ्या कोणाला स्मॅश मारता येत नाही. तिला नेमकी पुढे धावत येऊन वरून चेंडू द्यायची सवय आहे. सध्या आम्ही रेषेमागून उडी मारून उचलायचा की पुढे आल्यावर खालून द्यायचा, यावर काम करतोय.