जिन्याचं धुराडं झालं ती रात्र

आमच्या अग्निशमन केंद्रात वर्दी, म्हणजे आगीची खबर, रात्री 2 वाजून 47 मिनिटांनी आली. पार्किंगमध्ये मीटर पेटलेत, गाड्याही पेटल्यात. मे महिना, पुण्याच्या एका उपनगरातली नव्वदच्या दशकात बांधलेली सोसायटी. खाली पार्किंग, वर चार मजले, सोळा फ्लॅट, जिना एकच, लिफ्ट नाही.

उन्हाळ्यात मीटरच्या वर्दीचं आम्हाला नवल नसतं. बहुतेक वेळा गाडी पोहोचेपर्यंत लाइनमनने फ्यूज काढलेला असतो, आम्ही थोडी पावडर मारतो, नोंद करतो आणि परततो. पण गाडी फाटकाबाहेर पडत असतानाच नियंत्रण कक्षाचा दुसरा निरोप आला: वरच्या मजल्यांवरून फोन येतायत, जिना धुराने भरलाय. तिथेच रेस्क्यू व्हॅन, दुसरी फायरगाडी आणि जादा बी.ए. सेट मागवले. बी.ए. सेट म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मास्क. धुरात त्याच्याशिवाय जवान आत पाठवायचा नाही.

पोहोचल्यावर दिसलं ते असं. मीटरचं बोर्ड जिन्याच्या पहिल्या वळणाखाली, सोळा घरांचे सोळा मीटर आणि पंप-जिन्याच्या दिव्यांचा एक. बोर्डाला टेकून लावलेल्या दुचाकींपैकी तीन पेटलेल्या. आगीचा आकार विचाराल तर दहा बाय दहाच्या खोलीएवढाही नव्हता. पण तारांचं पीव्हीसी, सीटचा फोम, टायर आणि पेट्रोल एकत्र जळत होतं आणि त्याचा काळाकुट्ट धूर थेट जिन्यात शिरत होता. गच्चीचं दार कुलूपबंद. त्यामुळे धूर चौथ्या मजल्याच्या छतापर्यंत जाऊन अडला आणि तिथून मजल्यामजल्याने खाली भरत आला. चौथ्या मजल्यावर आगीची झळही नव्हती, आणि सगळ्यात वाईट हवा तिथेच होती.

कामाचे दोन भाग केले. खाली आग, वर माणसं.

खालच्या आगीवर लगेच पाणी मारता येत नव्हतं, कारण पुरवठा चालू होता. फायरगाडीचं साधं पाणी वीज वाहतं. नोझल धरणाऱ्याच्या हातापर्यंत करंट येऊ शकतो. म्हणून आधी पावडर. 6 किलोचे तीन एक्स्टिंग्विशर रिकामे झाले. पावडर बसली की ज्वाळा पडायची, पण आतली जोडणी लालच. अर्ध्या मिनिटात पुन्हा ठिणगी आणि पुन्हा ज्वाळा. जिवंत बोर्डाची आग अशीच असते, वीज तोडल्याशिवाय ती विझली असं मानायचंच नाही. लाइनमनने रस्त्यावरच्या डीपी पेटीतले, म्हणजे इमारतीला वीज देणाऱ्या पेटीतले, फ्यूज काढले, टेस्टरने खात्री केली, मग होजरीलचा, म्हणजे गाडीवरच्या गुंडाळलेल्या पाइपचा, फवारा सुरू केला. गाड्या आणि बोर्ड मिळून चार-पाच मिनिटांत शांत. बाकी वेळ कूलिंगला गेला.

खरी रात्र जिन्यात होती. दोन जवान बी.ए. सेट लावून वर निघाले. सिलिंडर कागदावर पाऊण तासाचा असला तरी माणूस उचलून जिने चढता-उतरताना पंचवीस-तीस मिनिटांत हवा संपत आल्याची शिट्टी वाजायला लागते. ती वाजली की परतायचं, हा हिशेब डोक्यात ठेवूनच चढायचं. बॅटरीच्या झोतात स्वतःचा हात दिसत नव्हता. एक हात भिंतीला, पाय घासत पायरी शोधायची, प्रत्येक वळणावर हाताने जमीन चाचपायची. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या चौकात हाताला माणूस लागला. त्याच्यापासून तीन पायऱ्या वर दुसरा.

हे दोघे चौथ्या मजल्यावरचे, बाप आणि कॉलेजातला मुलगा. आरडाओरडा ऐकून दार उघडलं, धूर दिसला, आणि चार मजले पळत उतरू म्हणून निघाले. तोंडाला ओला रुमाल बांधला होता. ओला रुमाल काजळी थोडीफार अडवतो, कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. घाईने धावणारा माणूस खोल श्वास घेतो, म्हणजे तो जास्त लवकर ओढतो. चार मजले उतरायला एरवी मिनिटभर लागतं. त्या धुरात दीड मजलाच जमला.

दोघांना खाली आणलं, कुशीवर झोपवलं, रुग्णवाहिकेतला ऑक्सिजन लावला. तिथे एक गोष्ट घडली ती मुद्दाम सांगतो, कारण करोनानंतर घराघरांत ऑक्सिमीटर आलाय. शेजारच्या एका गृहस्थांनी आपला आणून मुलाच्या बोटाला लावला आणि म्हणाले, "97 दाखवतोय साहेब, ठीक आहे हा." तो ठीक नव्हता. बोटावरच्या साध्या यंत्राला ऑक्सिजन चिकटलेलं आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. धुरात सापडलेल्या माणसाचा आकडा 97 असला तरी दवाखाना टाळायचा नाही. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. डोकं दुखणं, मळमळ, बरळणं ही त्याची खूण. दोघेही वाचले, दोन दिवस दवाखान्यात राहून घरी आले.

आता दुसऱ्या मजल्यावरच्या आजी. एकट्या राहणाऱ्या, वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखणारे, त्यामुळे पळण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी 101 ला फोन लावला आणि नियंत्रण कक्षातल्या ऑपरेटरने त्यांना लाइनवर धरून ठेवलं. "आजी, दार उघडू नका. दाराला हाताची मागची बाजू लावून बघा, गरम आहे का? नाही ना? मग चादर ओली करा आणि दाराच्या खालच्या फटीत दाबून बसवा. मधल्या खोल्यांची दारं लावा. एसी, पंखा बंद. बाल्कनीत जा, बाल्कनीचं दार मागे ओढून घ्या, मोबाइलचा टॉर्च हलवत राहा." त्यांनी हे सगळं केलं, टॉर्च आमच्या तोंडावरच मारत राहिल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. जिना मोकळा झाल्यावर जवान वर गेला तेव्हा त्यांच्या दाराची बाहेरची बाजू काळी पडली होती आणि आत, चौकटीच्या वरच्या कडेला, पेन्सिलीने ओढल्यासारखी काजळीची एक रेघ. बाकी घर जसंच्या तसं. साधं लाकडी फ्लश डोअर, नीट बसणारं. त्याच्या एका बाजूला माणूस बेशुद्ध पडत होता आणि दुसऱ्या बाजूला माणूस खुर्चीवर बसलेला होता.

लोक विचारतात, मग पळायचं कधी? आग आपल्याच घरात असेल तर लगेच, आणि बाहेर पडताना दार ओढून घ्यायचं; उघडं राहिलेलं दार सगळ्या इमारतीला धूर देतं. आग दुसरीकडे असेल तर आधी दारातून जिना बघायचा. स्वच्छ असेल तर उतरा. धूर असेल, खालच्या पायऱ्या दिसत नसतील, तर दार बंद करून आतच. गच्ची उघडीच असेल आणि आपण शेवटच्या मजल्यावर असू, तरी धुरातून वर जाण्याचा मोह टाळलेला बरा. त्या रात्री तिसऱ्या मजल्यावरून दोघे वर पळाले होते, कुलूप हाताला लागलं आणि परत आले. नशिबाने मधल्या एका घराने त्यांना आत घेतलं.

गच्चीची किल्ली पहिल्या मजल्यावर, सेक्रेटरींच्या घरात. कुलूप का, तर मुलं टाकीवर चढतात. कारण खोटं नाही, पण उपाय चुकीचा. जवानाने कटरने कुलूप तोडलं, दार सताड उघडलं, आणि पंधरा मिनिटांत जिन्यात माणूस दिसायला लागला. हे आग लागल्या लागल्याच झालं असतं तर कदाचित कुणाला उचलून आणावं लागलं नसतं. टाकीलाच जाळी करा, किंवा दाराला आतून बोटाने सरकणारी कडी ठेवा. कुलूप लावायचंच असेल तर किल्ली शेवटच्या मजल्यावर दारापाशी, काचेच्या छोट्या पेटीत.

पहिल्या मजल्यावरचं कुटुंब खिडकीच्या ग्रिलमधून हात बाहेर काढून ओरडत होतं. पेटीसारखी पुढे काढलेली ग्रिल, आत कुंड्या आणि वाळत घातलेले कपडे, उघडणारी झडप कुठेच नाही. चोर आत येऊ नये म्हणून केलेल्या सोयीने घरचेच कोंडले जातात. शिडी लावली, तांडेल, म्हणजे जवानांच्या तुकडीचा प्रमुख, वर चढला, बघितलं तर घरात धूर नाही, दार बंद आहे. म्हणून ग्रिल कापली नाही. तो शिडीवरच उभा राहून त्यांच्याशी बोलत राहिला. घाबरलेल्या माणसाला तेवढं पुरतं. पण धूर असता तर एकेक गज कापावा लागला असता आणि प्रत्येक गजाला वेळ गेला असता. घरटी एका तरी ग्रिलला माणूस सहज निघेल एवढी, दोन बाय अडीच फुटांची बिजागरीची झडप करून घ्या. किल्ली शेजारच्या खिळ्याला, कपाटात नाही.

साडेचारपर्यंत सोळाही घरं तपासून झाली. तपासलेल्या दारावर खडूने फुली मारायची, म्हणजे दुसरी टीम तिथे वेळ घालवत नाही. एका घराला कुलूप होतं, माणसं गावी गेलेली. ते शेजाऱ्यांकडून पक्कं होईपर्यंत आमची मोजणी पूर्ण धरली नाही.

सकाळी उजेडात बोर्ड पाहिलं. जळाल्याचा सगळ्यात खोल खड्डा एका किटकॅट फ्यूजपाशी, म्हणजे हाताने उपसून तार बदलता येणाऱ्या जुन्या फ्यूजपाशी, होता. तो सारखा उडतो म्हणून कुणीतरी फ्यूजवायरऐवजी तांब्याच्या तारेचे चार-पाच पदर पिळून घातले होते. त्याशेजारच्या जोडणीचा स्क्रू ढिला. आठ-दहा दिवस दोन घरांत दिवे फडफडत होते, पार्किंगमध्ये सडक्या मासळीसारखा वास येत होता. हा वास तापलेल्या प्लास्टिकचा, बेकेलाइटचा असतो आणि लोक तो उंदीर मेल्याचा समजतात. इथेही कोपऱ्यात उंदीर शोधून झाला होता.

"घरात एमसीबी आहेत, मग ते पडले का नाहीत?" हा प्रश्न तीन जणांनी विचारला. एमसीबी म्हणजे आपोआप पडणारा खटका, तो जास्तीचा करंट ओळखतो. ढिल्या जोडणीत करंट नेहमीचाच असतो, उष्णता मात्र तिथल्या तिथे साठते. जोडणीचा रोध ओहमच्या दहाव्या भागाएवढा झाला आणि त्यातून 20 अँपिअर गेले तर 40 वॅट उष्णता होते. म्हणजे नखाएवढ्या जागेत एक सोल्डरिंग आयर्न रात्रभर चालू. वर घरातला एमसीबी मीटरच्या पुढे असतो, मागच्या आगीशी त्याचा संबंधच नाही. तिथे जास्तीच्या करंटपासून रक्षण करणार होता तो फ्यूज, आणि त्यात जाड तार घातलेली.

शिवाय इमारत बांधली तेव्हा घरात दोन पंखे, चार ट्यूब आणि फ्रिज एवढाच विचार होता. आता सोळा घरांत एकोणीस एसी. दीड टनाचा एसी साधारण 7 अँपिअर घेतो, 2 किलोवॅटचा गीझर जवळपास 9. मे महिन्यात रात्री दोनला सगळे एसी एकदम चालू, ते तीन फेजवर सारखे वाटलेलेही नाहीत. एसी घेताना लोक स्टार मोजतात. वीज कंपनीने घराला मंजूर केलेला भार वाढवून घ्यायचा अर्ज क्वचितच कुणी करतो. परवानाधारक वायरमनकडून वर्षातून एकदा, मार्चमध्ये, जोडण्या घट्ट करून घ्यायच्या. मीटरच्या सीलला हात लावायचा नाही. वास, फडफड, तपकिरी डाग दिसला की वीज कंपनीकडे तक्रार, आणि तिचा क्रमांक लिहून ठेवायचा.

सोसायटीकडे एक्स्टिंग्विशर होता. एकच, आणि तो मीटर बोर्डाच्याच बाजूला टांगलेला, म्हणजे आग लागल्यावर हात पोहोचणार नाही अशा जागी. दाबाचा काटा लाल पट्ट्यात. एबीसी पावडरचे 6 किलोचे दोन हवेत, पार्किंगच्या तोंडाशी, आगीकडे पाठ न करता उचलता येतील असे. काटा हिरव्यात आहे ना हे महिन्याला बघायचं, त्याच वेळी उलटा करून हलवायचा, नाहीतर पावडर तळाशी घट्ट बसते. पिन ओढायची, साधारण दोन मीटरवरून ज्वाळेच्या बुडाशी मारायचं. पंधरा-वीस सेकंदांत तो संपतो. तेवढ्यात विझलं नाही तर बाजूला व्हायचं. दुसरा आणायला धुरातून जायचं नाही.

बोर्डापासून दोन मीटर अंतरावर पिवळा पट्टा मारून घ्या, त्याच्या आत गाडी नको, असं जाताना सांगितलं. पट्टा आठवड्यात मारला गेला. पंधरा दिवसांनी दुसऱ्या वर्दीवरून परतताना त्याच गल्लीतून गाडी गेली तेव्हा पट्ट्यावर एक स्कूटर उभी होती. खाली उतरलो, वॉचमनला बोलावलं. ती आजींच्या नातवाची निघाली. आजी बाल्कनीत होत्याच. वरूनच त्याला जे ऐकवलं, त्यानंतर आम्हाला काही बोलावं लागलं नाही.