आला आणि आयला

१६ जानेवारी

आज अस्मिताय दीस. सकाळपासून मोबाइलवर दोन पानांची चित्रं येतायत. आमच्या घरात हा दिवस कधी साजरा झाला नाही, कारण बाबा फूलवाले. १९६७ साली याच तारखेला जनमत कौल झाला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा असं वाटणाऱ्यांची निशाणी फूल, संघप्रदेशच राहावा म्हणणाऱ्यांची दोन पानं. बाबांनी फुलावर शिक्का मारला आणि निकाल कळल्यावर दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. (आईच्या सांगण्याप्रमाणे एकच दिवस. दुसऱ्या दिवशी सुंगटांचं हुमण, म्हणजे कोळंबीची आमटी होती.)

मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. तरी दोन पानं दिसली की कपाळावर आठी येते. वारसाहक्कानं मिळालेली आठी.

पण आज लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणानं. चार दिवस मनात खुपतंय.

आमच्या वाड्यावरच्या देवळाच्या काल्याला दरवर्षी नाटक होतं. मराठी नाटक. आजोबांच्या काळापासून. गेली अकरा वर्षं पुस्तक मी धरतो, म्हणजे प्रॉम्प्टिंग माझ्याकडे. उच्चारही मीच सुधारतो, कुणी सांगितलेलं नसताना. बारा तारखेला नाटकाच्या ग्रुपवर आमच्या शेजारच्या भाईंच्या मुलानं लिहिलं, ‘अवंदू कोंकणी नाटक करूंया?’ बस, एवढंच. पुढे एक प्रश्नचिन्ह.

मी उत्तर दिलं, ‘ज्यांना आला आणि आयला यातला फरक कळत नाही, त्यांनी नाटकाची भाषा ठरवू नये.’

सतरा जणांनी हसण्याची चित्रं टाकली. मी मोजली होती, खोटं कशाला बोलू. रात्री तो ग्रुपमधून बाहेर पडला.

बाहेरच्या वाचकासाठी खुलासा. गेल्या वर्षी ऐतिहासिक नाटकात त्याला शिपायाचं काम होतं, वाक्य एकच: ‘महाराज, शत्रू वेशीपाशी आला आहे.’ तालमीत तो म्हणाला, ‘शत्रू वेशीपाशी आयला आहे.’ कोंकणीत आयला म्हणजे आला. मराठीत काय ते सांगायला नको. त्यात महाराजही हसले, शत्रूही हसला आणि पुस्तक हातात धरून सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. नंतर वर्षभर त्याचं नावच ‘आयला’ पडलं. पाडलं, असं लिहायला हवं. मीच पाडलं.

१७ जानेवारी

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “बारा तारखेलाच सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी त्याच्याकडे पाठवलं असतं.” मग म्हणाली, “आणि तू घरी काय बोलतोस रे? मराठी?”

नाही. घरात कोंकणीच. आईशी, बायकोशी, कुत्र्याशी, देवाशीसुद्धा निम्मं कोंकणीत. वाचायचं, लिहायचं, भजन म्हणायचं, पत्रिका छापायची ते मराठीत. आमच्या पिढीच्या अर्ध्या गोव्याचं हे असंच आहे. आम्ही मराठीसाठी भांडतो ते कोंकणीतून, आणि त्या भांडणाची बातमी मराठीत छापून येते.

१८ जानेवारी

संध्याकाळी भाईंकडे गेलो. आमच्या घरापासून चाळीस पावलं. किती वर्षांनी गेलो ते आठवेना. चवथीला जातो म्हणा, पण ते माटोळी बघून, आरती करून, करंजी घेऊन परत. बसलो नव्हतो.

भाई सोप्यावर होते. “कितें रे, वाट चुकलो?”

मुलगा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या पाळीला गेलेला. म्हणजे माफी मागायला आलो आणि ज्याची मागायची तोच घरी नाही. परत फिरणार होतो, पण काकींनी चहा ठेवला. भाईंनी विषय आपणच काढला, आणि मुलाचा नाही, ६७ चा काढला. मी मनात म्हटलं, झालं. आता मलाही भाऊसाहेब बांदोडकर काढावे लागणार, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, विलीनीकरणवाल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे, म्हणजे मगोचे.

खरं सांगतो, पहिली दहा मिनिटं मी ऐकत नव्हतोच. ते बोलत होते आणि मी माझं पुढचं वाक्य जुळवत होतो. ते म्हणाले, “चौतीस हजार एकवीस.” मतांचा फरक. ५९ वर्षं झाली तरी माणूस स्वतःचा फोन नंबर सांगावा तसा सांगतो. माझ्या जिभेवर तयार होतं, ‘आणि दोनच महिन्यांनी विधानसभेला पुन्हा मगोच निवडून आला, त्याचं काय?’ बाबा हेच म्हणायचे, याच चालीवर. तेवढ्यात काकींनी बशी पुढे केली. खाजें तोंडात गेलं आणि वाक्य राहिलं. माझ्या संयमाचं श्रेय त्या खाज्याला.

मग भाई सांगत गेले. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे. मतदानाला एकवीस पुरी लागत, म्हणजे मत नाहीच. रात्री कंदील घेऊन वाड्यावाड्यावर फिरायचं एवढं काम. वडिलांना राष्ट्रमत वाचून दाखवायचं. “मराठी पेपर तो! विलीनीकरण नको, हें आमी मराठींतल्यान सांगतालें,” म्हणाले आणि खूप हसले. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माझ्या डोक्यातल्या हिशेबात मराठी म्हणजे फूल आणि कोंकणी म्हणजे पानं, असे दोनच रकाने होते. भाई कुठल्या रकान्यात बसतात? या माणसाला ज्ञानेश्वरीचे दोन अध्याय पाठ आहेत.

मग विहिरीचं निघालं. आमची आणि त्यांची विहीर सामायिक, हद्दीवरची. तिला दोन कप्प्या आहेत, समोरासमोर. लहानपणापासून मी समजत होतो, दोन घरांची गर्दी होऊ नये म्हणून. भाई म्हणाले, “तुज्या बापायन घाली ती दुसरी. कौल जातकच, फेब्रुवारींत.” त्यांच्या कप्पीच्या दोरीला हात लागू नये म्हणून.

आमच्या घरात सांगतात की दुसरी कप्पी त्यांनी घातली.

मी काहीच बोललो नाही. बाबा नाहीत, त्यांचे वडील नाहीत, लोहारही नसेल. चहा निवला होता तो प्यालो.

निघता निघता भाईंनी ८६ चं सांगितलं. कोंकणीला राजभाषा करा म्हणून झालेल्या आंदोलनाचा डिसेंबर. रस्त्यांवर आडवी झाडं, बस बंद, गोव्यात माणसं मेली तो महिना. एका रात्री त्यांच्या कौलांवर दगड आले. धाकट्या बहिणीला घेऊन काकी रांधण्यात, चुलीपाशी बसून राहिल्या. मी तेव्हा चौदा वर्षांचा. दगड मी मारला नव्हता. पण त्या रात्री आमच्याकडे कौलांचा आवाज आला तेव्हा पानावर बसलेले बाबा काय म्हणाले ते मला लख्ख आठवतं. दोनच शब्द. बरें जालें.

हे मी भाईंना सांगितलं नाही. कधीतरी सांगावं लागणार. आज धीर झाला नाही.

१९ जानेवारी

ऑफिस. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला हे सगळं सांगितलं. तो दक्षिण गोव्यातल्या सासष्टीचा, ख्रिस्ती. एकही तियात्र, म्हणजे त्यांचं कोंकणी नाटक, चुकवत नाही. वाटलं, तटस्थ माणूस, काहीतरी समजुतीचं बोलेल.

तो म्हणाला, “तुमी दोगांय झगडलीं, आनी हांव भायर उरलों.”

१९८७ च्या ४ फेब्रुवारीला विधानसभेनं राजभाषा विधेयक मंजूर केलं. त्यात कोंकणी म्हणजे देवनागरी लिपीतली कोंकणी अशी व्याख्या आहे. मराठीचाही सरकारी कामकाजासाठी वापर होईल अशी तरतूद आहे. मला आजवर त्यातली मराठीची ओळ तेवढी तोंडपाठ होती, आणि ती कशी अपुरी आहे यावर मी अर्धा तास बोलू शकतो. त्याच्या रोमी लिपीचं कायद्यात नावच नाही, हे मी बातमीसारखं वाचलं होतं, तक्रारीसारखं नाही. त्याच्या आईची प्रार्थनेची पुस्तकं रोमीत, तियात्रांच्या जाहिराती रोमीत, तो बाजाराची यादी करतो तीही रोमीत. वर म्हणाला, “तुमचें क्रिस्तपुराण कुठल्या लिपीत छापलं होतं?” राशोलला, १६१६ साली, मराठी ग्रंथ, रोमी अक्षरांत. मी गप्प. मराठीचा अभिमान सांगताना मी ते लिहिणाऱ्या फादर स्टीफन्सचं नाव नेहमी घेतो, लिपीचं कधी नाही.

माझं मत बदललं का? नाही. मराठीला राजभाषेचा दर्जा मिळायला हवा असं मला आजही वाटतं आणि तो न मिळण्यामागे राजकारण होतं असंही वाटतं. त्याला ते पटत नाही. आम्ही त्याच्या डब्यातली सुकी सुंगटं वाटून खाल्ली आणि फायली उघडल्या.

२१ जानेवारी

भाईंचा मुलगा आज भेटला, विहिरीवर. त्यांचा पंप बिघडलाय म्हणून तो घागरी भरत होता. मी त्याच्या बाजूनं गेलो. हेही मुद्दाम लिहितो, कारण त्या बाजूनं मी पहिल्यांदाच उभा राहिलो.

मी म्हटलं, “तूं उलय. हांव आयकतां.” फार नाटकी वाटलं. तोही ओशाळला.

मग बोलला. कोंकणीच्या अस्मितेचं एक अक्षर नाही. त्याला कामच करायचं होतं. एका वाक्याचं नाही, मोठं. इंग्रजी माध्यमात शिकला, मराठी विषय तेवढा. रंगमंचावरची मराठी ऐकायला त्याला आवडते, पण बोलताना प्रत्येक शब्द आधी मनात तपासावा लागतो आणि तोवर पाळी निघून जाते. कोंकणी नाटक असेल तर तपासावं लागणार नाही, एवढंच त्याचं गणित. “काका, म्हाका भाशेचें कांय पडूंक ना. म्हाका हांसपाचें पडलां.”

म्हणजे इतके दिवस मी ज्याच्याशी लढत होतो तो हा नव्हताच. मी ६७ शी आणि ८६ शी लढत होतो, आणि तलवार लागली ती या पोराला.

मी माफी मागितली. तो म्हणाला, “सोड रे काका.” घागर उचलली. तिथेच हे संपलं असतं, आणि मला ते चाललंही असतं. पण घरी येताना जाणवलं, हसू सतरा जणांसमोर केलं आणि माफी विहिरीपाशी, जिथे तिसरं कुणी नाही. हा व्यवहार बरोबर नाही.

२२ जानेवारी

ॲडमिनला सांगून त्याला ग्रुपवर परत घ्यायला लावलं. मग लिहायला बसलो. आधी मराठीत लिहिलं. फारच सुरेख झालं, भाषणासारखं. पुसलं. कोंकणीत लिहायला घेतलं. जन्मभर बोललेली भाषा, आणि चार ओळी लिहायला पाऊण तास. अनुस्वार कुठे द्यायचे, कुठे नाही. मोबाइल प्रत्येक शब्द मराठी करून टाकत होता.

शेवटी एवढं पाठवलं: ‘बारा तारखेक हांवें जें बरयलें तें चुकीचें आशिल्लें. ताका आयला म्हणून हासपी पयलो हांवूच. हांव माफी मागतां.’

दहा मिनिटं काही नाही. मग महाराजांनी अंगठा टाकला. एका ज्येष्ठ सभासदानं लिहिलं, ‘शेवटी तुम्हीही पानांत गेलात तर!’ बाबांच्या बरोबरीचा माणूस, काय उत्तर देणार. आणखी एक जण ग्रुप सोडून गेला, तो कशासाठी ते कळलं नाही. यंदाचं नाटक मराठीच राहणार असं समितीचं जवळजवळ ठरलंय. आधी अर्ध्या तासाचं कोंकणी प्रहसन घ्यावं का यावर वाद चालू आहे.

रात्री साडेअकराला, दुसरी पाळी संपल्यावर, त्याचा मेसेज आला. ग्रुपवर नाही, मला एकट्याला.

‘काका, हांसपी. हाचेर अनुस्वार.’

मी ग्रुपवर जाऊन दुरुस्त केलं. आता त्या ओळींखाली बारीक अक्षरात ‘एडिटेड’ असं दिसतंय.